काच उभी, बाटली आडवी

काच उभी न्यायची असते, हे गुरुपादप्पांनी नांदेडातल्या हमालांच्या दोन पिढ्यांना शिव्या घालून शिकवलं होतं. आडवी ठेवलेली काच स्वतःच्याच वजनानं मरते, असं त्यांचं म्हणणं. वजिराबादेत त्यांचं काचा, आरसे आणि तसबिरींच्या चौकटींचं दुकान होतं. गिऱ्हाईक आरसा बगलेत आडवा धरून निघालं, तर हे गल्ल्यावरून उठून रस्त्यापर्यंत ओरडत जायचे, "उभा धर लेका, उभा! मढं न्हाई न्यायलास!" अशा माणसानं घर हलवायच्या दिवशी स्वतःच्या हातानं एका खोक्यावर 'देवाच्या तसबिरी, काच, आडवं ठेवणे' असं लिहावं, म्हणजे माणूस एकतर घाईत असला पाहिजे, नाहीतर पाप करत असला पाहिजे. गुरुपादप्पा दोन्ही करत होते.

खोक्यात तसबिरी नव्हत्या. टॉवेलात गुंडाळलेल्या वाइनच्या बाटल्या होत्या. तसबिरी गाद्यांच्या मधे घालून ट्रकात गेल्या होत्या, त्याही उभ्या.

हे प्रकरण समजायचं तर दोन वर्षं मागं जावं लागतं. त्यांचा एकुलता एक मुलगा सोमेश, नवीनच लग्न झालेला, मित्राच्या वरातीतून बिअरचा वास घेऊन घरी आला. तरण्या पोरानं एकदा घेतली, एवढंच ते खातं होतं. पण गुरुपादप्पांनी त्यावर असं व्याज चढवलं की गल्लीभर ऐकू गेलं. त्यांनी सकाळी विरूपाक्ष स्वामींना बोलावून घेतलं. हे स्वामी म्हणजे त्यांच्या घरचे जंगम. बारशापासून तेराव्यापर्यंत सगळं त्यांच्याच हातून व्हायचं. स्वामींसमोर, नव्या सुनेसमोर, गळ्यातलं इष्टलिंग हातात धरायला लावून पोराकडून शपथ घेतली. आणि वर स्वतःचं एक वाक्य जोडलं, "ज्या घरात बाटली शिरंल, त्या घरात हा गुरुपादप्पा पाय ठेवणार न्हाई!"

सोमेशनं शपथ घेतली, आणि पुढच्याच महिन्यात बायकोला घेऊन लातूर गाठलं. तिथं त्यानं खिडक्यांच्या काचांचं दुकान टाकलं. आईला फोन करायचा. बाप फोनच्या शेजारी बसलेला असला, तर "अप्पा बरे हायेत का?" असं आईलाच विचारायचा.

आता त्यानं औसा रोडला घर बांधलं होतं, आणि आपणहून फोन केला होता. बापाच्या फोनवर. "अप्पा, दोघंबी इकडंच या. तिथं एकटं कामून राहता?" त्या एका वाक्यासाठी गुरुपादप्पांनी दुकान विकलं होतं. पोरानं अपमान गिळून दार उघडलं होतं. त्या दारात आता एका जरी बाटलीचं तोंड दिसलं असतं, तरी ते दार लागलं असतं, आणि यावेळी पोराचं बरोबर ठरलं असतं.

मग बाटल्या आल्या कुठून? तर सोमेश गेल्यावर गुरुपादप्पांच्या छातीत भरून यायला लागलं. डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढून बघितली आणि म्हणाले, हृदय ठीक आहे, ताण कमी करा, चालत जा. चालणं गुरुपादप्पांना हलकं औषध वाटलं. पुढं लेकीकडं नाशिकला गेले, तेव्हा जावई वीरेश म्हणाला, "मामा, रेड वाइन घ्या थोडी. हार्टला चांगली असती. सगळे सांगतेत." सगळे म्हणजे कोण, हे जावयाला विचारायचं नसतं.

गुरुपादप्पांनी तीन दिवस विचार केला. द्राक्ष हे फळ. फळ देवाला चालतं. लहानपणी वैद्य त्यांना द्राक्षासव पाजायचा, तेव्हा कोणी शपथा घातल्या नव्हत्या. मग हे द्राक्षासवच, फक्त बाटली मोठी. दारू हा खर्च व्यसनाच्या खात्यात जातो, वाइन औषधाच्या. नोंद दुसऱ्या पानावर टाकली की रक्कम तीच राहून मन मोकळं होतं, हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार! तेव्हापासून दुकानाच्या मागच्या खोलीत, आरशांच्या आड, दिवेलागणीला स्टीलच्या फुलपात्रातून औषध चालू झालं. आजूबाजूला इतके आरसे, की एकट्यानं प्यायलं तरी पंगत बसल्यासारखी वाटायची. त्यांनी ते आरसे भिंतीकडं तोंड करून ठेवले.

दुकान विकलं, तशा बाटल्या उघड्यावर पडल्या. ओतून द्याव्यात असं एकदा मनात आलं. पण औषध कोणी ओततं का? आणि लातूरला छातीत भरून आलं तर?

"ट्रकात घालू नका मामा," वीरेशनं फोनवर बजावलं. "मे महिना हाय. ट्रकात उकळतेल, बुचं वर येतेल. आडव्या ठेवा, म्हणजे बूच ओलं राहतं. हलवू नका. थंडाव्यात न्या."

थंडावा एकाच ठिकाणी होता, भाड्यानं केलेल्या गाडीच्या एसीत. आणि त्या गाडीत त्यांच्या पत्नी शिवगंगाबाई फक्त देवाला जागा देणार होत्या. त्यांनी सख्ख्या बहिणीनं दिलेला मिक्सरसुद्धा ट्रकात ढकलला होता. म्हणून मग खोक्यावर देव आले.

विष्णुपुरी मागं पडलं, तशी शिवगंगाबाईंनी मांडीवरच्या खोक्यावरची अक्षरं वाचली.

"आवो, काच आडवी कामून?"

"देव हायेत आत. प्रवासात देवाला निजवून नेतेत."

"कोण सांगितलं?"

"शास्त्र."

शिवगंगाबाईंनी चाळीस वर्षांत नवऱ्याच्या तोंडून शास्त्र हा शब्द फक्त उधारी नाकारताना ऐकला होता. पण त्यांनी खोकं मांडीवर सावरून धरलं. लोह्याच्या अलीकडं गाडी खड्ड्यात गेली आणि खोक्यातून किणकिण झाली.

"हे काय वाजलं?"

"घंटा. देवाजवळ घंटा न्हाई ठेवायची का?"

चाकूरला चहाला थांबले. गुरुपादप्पा गाडीतून उतरेनात. एसी बंद करू देईनात. "साहेब, गाडी तापून राहिली," ड्रायव्हर म्हणाला. "तापू दे. देव तापू नये," गुरुपादप्पा म्हणाले. ड्रायव्हरनं खोक्याला हात जोडले आणि चहा खिडकीतून आत दिला.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. गुरुपादप्पांचा बेत साधा होता: उतरायचं, 'देव मी घेतो' म्हणायचं, खोकं आपल्या खोलीत पलंगाखाली सरकवायचं, आणि ट्रक आला की तसबिरी देवघरात लावायच्या. बेतात एकच गोष्ट राहून गेली होती. आज गृहप्रवेश होता, आणि नव्या घरात आधी जंगमाचं पाऊल पडतं, आणि त्यांच्या मागोमाग देव डोक्यावर घेऊन घराचा धनी जातो. जन्मभर धनी म्हणजे आपणच, अशी सवय. या घराचा धनी दुसरा आहे, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

गाडी थांबली. दारात आंब्याचं तोरण, शेजारच्या बायका, सून मंजुश्रीच्या हातात आरतीचं ताट. आदल्या दिवशीच नांदेडहून आलेले विरूपाक्ष स्वामी पाय धुऊन, कपाळभर भस्म लावून सकाळपासून उपाशी उभे होते. सोमेश पुढं आला, बापाच्या पाया पडला. दोन वर्षांनी तो हात पायाला लागला आणि गुरुपादप्पांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तेवढ्यात त्यानं गाडीतलं खोकं उचललंही होतं.

"अरं, राहू दे, मी घेतो!"

"असं कसं अप्पा? देव हायेत. मीच नेणार की," म्हणत सोमेशनं खोक्यावरचं वाचलं. "आडवं?" त्यानं बापाकडं बघितलं. ज्या बापानं त्याला लहानपणी, आरसा आडवा टेकवला म्हणून दुकानाबाहेर उभं केलं होतं, तोच हा बाप. "काच आडवी, अप्पा?"

"धर नीट. सरळ चाल. हलवू नको."

"बसवण्णा की जय!" स्वामी म्हणाले आणि त्यांनी उंबऱ्यात उजवा पाय टाकला. त्यांच्या मागं सोमेश, डोक्यावर खोकं. पायरी चढताना आतून 'डुबुक' असा आवाज आला. तसबिरी डुबुक म्हणत नाहीत. सोमेश अर्धी पायरी थांबला. मग मान न हलवता पुढं गेला. बायका फुलं टाकत होत्या. एक फूल खोक्यावर बसलं.

देवघरासमोर खोकं उतरलं.

"काढा तसबिरी," शिवगंगाबाई म्हणाल्या.

"आधी जेवणं होऊ द्या," गुरुपादप्पा घाईनं म्हणाले. "स्वामी उपाशी हायेत."

स्वयंपाकघरातून गव्हाच्या खिरीचा, म्हणजे हुग्गीचा, तुपागुळाचा वास येत होता. स्वामींनी एकदा त्या वासाकडं आणि एकदा खोक्याकडं बघितलं. "देव बसल्याबिगर मला बसता येत न्हाई," ते दुःखानं म्हणाले. "उघडा लवकर."

"मी उघडतो," सोमेश म्हणाला, आणि सगळ्यांकडं पाठ करून बसला. त्याला काय करायचं होतं, कोणास ठाऊक. बहुतेक टॉवेलासकट सगळं परत झाकायचं होतं. पण शिवगंगाबाईंना धीर कुठला? त्यांनी बाजूनं हात घातला, टॉवेल ओढला, आणि एक लांब मानेची, काळपट लाल बाटली फरशीवरून घरंगळत थेट स्वामींच्या पायाशी जाऊन थांबली.

सोमेशनं वाकून ती उचलली.

"माझ्या हायेत," सोमेश म्हणाला.

"काय?"

"नांदेडला माळ्यावर ठेवल्या होत्या, तवाच्या. अप्पांनी तसबिरी समजून उचलल्या असतील."

शिवगंगाबाईंनी तोंडावर पदर घेतला आणि पदराआडून सुरू केलं. "मेल्या, शपथ घेतली होतीस ना! लिंग हातात धरून! अन् आज देवाच्या जागी, डोक्यावर घेऊन..."

गुरुपादप्पांनी आयुष्यात इतका स्वस्त सौदा पाहिला नव्हता. तोंड उघडायचं नाही, एवढीच किंमत. पोरगं आपणहून तोटा अंगावर घेत होतं. आपण दोन दिवस रागावल्यासारखं करायचं, मग मोठ्या मनानं माफ करायचं. आब राहतो, घर राहतं.

तेवढ्यात मंजुश्रीनं आरतीचं ताट खाली ठेवलं आणि नवऱ्यापासून एक पाऊल मागं झाली. दोन वर्षांपूर्वी, त्या शपथेच्या सकाळीसुद्धा ती अशीच एक पाऊल मागं सरकली होती. तेव्हा गुरुपादप्पांना तो आपला विजय वाटला होता.

"त्याच्या न्हाईत," ते म्हणाले. "माझ्या हायेत."

सगळे त्यांच्याकडं वळले. आणि विरूपाक्ष स्वामींचे डोळे भरून आले.

"बघा! याला बाप म्हणतेत. पोराचं पाप पोटात घालून राहिले."

"न्हाई स्वामी, खरंच माझ्या. मीच पितो."

"किती मोठं मन!" शेजारची एक बाई दुसरीला म्हणाली.

"तुम्ही गप बसा," शिवगंगाबाई नवऱ्यावर खेकसल्या. "लई पाठीशी घालू नका त्याला. खोकल्याचं औषध नाक दाबून घेणारा माणूस, म्हणं मी पितो!"

गुरुपादप्पा हतबल झाले. चाळीस वर्षं थेंब थेंब साठवलेली पत, आणि ती ऐन वेळी अशी आडवी आली! खोटं बोलले असते तर गावानं मान्य केलं असतं. खरं कोणी उधारीवरसुद्धा घेईना.

शेवटी ते खाली बसले आणि त्यांनी टॉवेल सोडायला सुरुवात केली. "ही लाल. ही आधी आंबट लागती, मागून जिभंवर जांभळासारखी तुरट राहती. ही पांढरी, ही गार केल्याबिगर प्यायची न्हाई. ही वीरेशनं दिवाळीला धाडली, हिला लाकडाचा वास येतो. ह्या बुचाच्या, म्हणून आडव्या. ही फिरकीच्या झाकणाची, ही उभी चालती." तरी लोकांच्या चेहऱ्यावर दयाच होती. मग त्यांनी स्वामींसमोरचं पाण्याचं फुलपात्र उचललं. "अन् अशी प्यायची," म्हणत मनगटाला हलका झोल दिला. पाणी फुलपात्राच्या कडेकडेनं गोल फिरलं, थेंब सांडला नाही. त्यांनी नाक आत घातलं, डोळे मिटले, एक घोट घेऊन तो गालात खेळवला.

ते मनगट खोटं बोलत नव्हतं. इतकी सफाई एका दिवसात येत नाही, हे हॉलमधल्या लहान पोरालाही कळलं असतं.

"अगं बया!" शिवगंगाबाई एकदम ओरडल्या. "ताक असंच फिरवतेत की हे! वरणसुद्धा! मला वाटलं, हाताला कंप सुटला!"

"औषध म्हणून घेतो गं. हार्टसाठी. रिपोर्ट बी सुधरला माझा."

"कोणता रिपोर्ट, मामा?" मंजुश्रीनं विचारलं. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी करते; रिपोर्ट म्हटलं की तिचा आवाज सुनेचा राहत नाही.

"ते चांगलं कोलेस्टेरॉल वाढलं म्हणून लिहिलं हाय."

"अन् ट्रायग्लिसराईड? बीपी?"

"ते... खाली होतं. मी वरचंच बघितलं."

"म्हणजे जमा वाचली अन् नावे सोडून दिलं." सासऱ्याची भाषा सुनेला चांगली येत होती. "मामा, हृदयासाठी म्हणून प्यायला सुरू करा, असं आता कोणताच डॉक्टर सांगत न्हाई. त्यानं बीपी वाढतो. वरून तुमची बीपीची गोळी चालू हाय, ती अन् ही एका पोटात..."

"पण ही दारू न्हाई बाई, वाइन हाय."

"लिव्हरला दोन्ही पाव्हणे सारखेच, मामा."

कोणीतरी फिस्सकन हसलं. सोमेश हसला नाही. तो भिंतीला टेकून उभा होता, आणि त्यानं अगदी सावकाश विचारलं, "अन् तुमचं ते वाक्य, अप्पा? घरात बाटली शिरली तर?"

वाक्य सगळ्यांना पाठ होतं. दोन वर्षं गुरुपादप्पांनीच ते पाव्हण्यारावळ्यांत फिरवलं होतं. ते उठले, चपला शोधल्या आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. आपणच ठरवलेला भाव. आता आपल्यासाठी सूट कोणत्या तोंडानं मागायची?

आत कुजबुज झाली. थोड्या वेळानं दारातून स्वामींचा आवाज आला, "मिटवा हो लवकर! बाप बाहेर, पोरगं उभं, मी जेवू कसा? हुग्गी घट्ट होऊन राहिली."

सोमेश बाहेर आला आणि बापाशेजारी बसला. मधे एका माणसाची जागा ठेवून.

"तू कामून अंगावर घेतलंस?" गुरुपादप्पांनी विचारलं.

"मला सवय हाय."

हे लागायचं तिथं लागलं. गुरुपादप्पांनी चपला काढून बाजूला सरकवल्या. "त्या दिवशी," ते म्हणाले, "मी भाव जास्त लावला."

"लई जास्त."

"एका बिअरला एवढा न्हाई लावायचा."

"न्हाई."

"तू गेलास अन् छातीत भरून यायला लागलं. डॉक्टर म्हणला, आत काही न्हाई. मी म्हणलं, मग दुखतंय काय?" ते सोमेशकडं वळले. "बोल. किती कमी करू?"

सोमेशनं पण दुकान चालवलं होतं; लगेच आकडा सांगितला नाही. "ती शपथ मागं घ्या."

"म्हणजे तू पिणार?"

"पित न्हाई. त्या दिवसानंतर घेतली न्हाई, पुढं बी घेणार न्हाई. पण तुमच्या शपथंमुळं न्हाई. माझ्या मर्जीनं. मंजुश्रीसमोर सांगा, शपथ काढली म्हणून."

"स्वामींसमोर बी सांगतो." गुरुपादप्पांनी मान हलवली. "अन् मी?"

"तुमचं मंजुश्री बघंल. सकाळी चालायचं. रिपोर्ट तिनं वाचायचा, खालून वर."

"सून लई कडक हाय रे."

"माझ्या बापाला पुरून उरली पाहिजे ना."

तेवढ्यात मोरीच्या पाइपातून गळगळ आवाज झाला आणि ओट्याच्या कडेनं, दोघांच्या पायांजवळून, लाल ओघळ वाहायला लागला. शिवगंगाबाईंनी आत निकाल लावायला घेतला होता. गुरुपादप्पांनी पाय वर घेतले. एक ओघळ गेला, मग दुसरा. तिसऱ्याला त्यांनी नाक वर केलं.

"ही दिवाळीची," ते हळूच म्हणाले. "ही चांगली होती."

"लाकडाच्या वासाची?"

"हाव."

सोमेशनं ओठ दाबून धरले. पण खांदे हलायला लागले. बघता बघता बापाचेही हलायला लागले. दोघंही नालीकडं बघत, आवाज न करता हसत होते.

"काय हो, एवढं लाल काय सोडलंय?" समोरच्या गच्चीवरून एका काकूंनी विचारलं.

"काही न्हाई काकू," सोमेश डोळे पुसत म्हणाला. "अप्पांचा काढा हाय. आजपासून बंद केला."

"कशाचा काढा?"

"द्राक्षाचा," गुरुपादप्पांच्या तोंडून निघून गेलं. "छातीसाठी."

"अगं माय! आमच्या ह्यांना बी छातीत भरून येतंय. थांबा, ओतू नका! पातेलं घेऊन आले!" आणि काकू गच्चीवरून दिसेनाशा झाल्या. जिन्यात त्यांच्या चपला वाजायला लागल्या.

बाप-लेकांनी एकमेकांकडं बघितलं आणि दोघंही एकदमच उठले. "शिवगंगा, पाणी सोड, पाणी!" असं ओरडत गुरुपादप्पा आत पळाले, मागून सोमेश पळाला आणि त्यानं दाराला आतून कडी घातली. उंबऱ्यात कोणाचा पाय आधी पडला, हे नंतर दोघांनाही सांगता आलं नाही. स्वामींनीही ते बघितलं नव्हतं. ते ट्रकातल्या देवांची वाट न बघता पाटावर बसले होते आणि हुग्गीवर तूप वाढून घेत होते.